खाज, पांढरं जाणं आणि ‘कुणाकडून आलं?’ हा प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका चौतीस वर्षांच्या बाईंनी विचारलं आहे: नवरा जहाजावर असतो, जूनच्या सुरुवातीला सुट्टीवर घरी आला. महिन्याभरात त्याच्या जांघेत गोल चट्टे उठले, ते आता मागे पसरलेत. फार्मसीतून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं, थांबवलं की दुप्पट. त्याच सुमारास माझ्या अंगावरून घट्ट पांढरं जाऊ लागलं आणि खाज इतकी की रात्री झोप नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, “बाहेरून काहीतरी घेऊन आलाय.” हे संबंधांतून पसरतं का? त्याने आणलं का? आमच्यातच झोपणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला धोका आहे का?

गेली सव्वीस वर्षं मी गोव्यात त्वचारोग आणि गुप्तरोगांची प्रॅक्टिस करतोय. तुमच्यासारखा प्रश्न पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीनदा तरी समोर येतो. न तपासता निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांचं गजकर्ण आणि तुमचं यीस्टचं इन्फेक्शन असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. हे दोन वेगळे आजार आहेत, दोन वेगळ्या बुरशींचे. दोन्ही एकाच महिन्यात आले म्हणून एकाने दुसऱ्याला दिले असं होत नाही. आणि या दोन्हींवरून तुमचा नवरा बाहेर कुणाकडे गेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. हे मी पहिल्यांदा सांगतोय, कारण तुमच्या पत्रात खाजेपेक्षा जास्त जागा त्या शंकेने घेतली आहे.

आधी गजकर्ण. जांघेतला गजकर्ण, ज्याला आपल्याकडे नायटाही म्हणतात, तो कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगणाऱ्या बुरशीमुळे होतो. तिला ऊब, ओल आणि घासणारी कातडी लागते. जहाजाच्या इंजिन रूममध्ये जाड बॉयलर सूट घालून तासन्‌तास घाम गाळणाऱ्या माणसाच्या जांघेत हे तिन्ही असतं. मग तो घरी येतो तो थेट गोव्याच्या पावसात. इथे जून ते सप्टेंबर धुतलेली चड्डी दोन-दोन दिवस दोरीवर लटकते, तरी कमरेच्या इलॅस्टिकपाशी ओलीच राहते. तीच घालून माणूस कामाला जातो, वर घट्ट जीन्स. बुरशीला याहून काय हवं?

ही बुरशी संबंधांच्या वेळी एकाच्या जांघेतून दुसऱ्याच्या जांघेत जाऊ शकते. ती टॉवेलमधून, अंथरुणातून, एकत्र भिजत घातलेल्या कपड्यांतूनही जाते, आणि आपल्याकडे घरातला गजकर्ण बहुतेक असाच फिरतो. मी आजी, सून आणि नातू अशा तिघांच्या अंगावर एकच गजकर्ण पाहिलाय, आणि त्या घरात आंघोळीचे टॉवेल दोनच होते.

गेल्या दहाएक वर्षांत हा आजार खूप बदललाय. पूर्वी दोन आठवडे साधं मलम लावलं की गजकर्ण जायचा. आता भारतभर जो पसरलाय तो ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या प्रकाराचा. २०२० मध्ये त्याला हे वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध या बुरशीच्या पुष्कळ वाणांवर चालेनासं झालंय. आणि त्याच्या पसरण्याला खतपाणी घातलं ते तुमच्या नवऱ्याने आणलंय तसल्या मलमांनी.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक तीन-चार औषधं एकत्र असतील: एक बुरशीचं, एक-दोन जंतूंचं, आणि क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एक. हे शेवटचं स्टिरॉइड. चार दिवसांत बरं वाटतं ते त्याच्यामुळे. बुरशीशी लढताना कातडी लाल होते, खाजते, म्हणजे शरीराची पहारेकरी फौज कामाला लागलेली असते. स्टिरॉइड त्या फौजेला झोपवतं. लाली गेली, खाज गेली, माणसाला वाटतं आजार गेला, आणि खाली बुरशी मोकाट पसरत राहते. गजकर्णाची ओळख म्हणजे ती लाल, उंचवट्याची गोल कड. मलम लावून लावून ती कडच पुसट होते, मग डॉक्टरलाही ओळखायला त्रास होतो. जांघेची कातडी मुळात पातळ. तिथे महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावलं की लांब, रुंद भेगांसारखे पट्टे पडतात, पोटावर बाळंतपणानंतर पडतात तसे, फक्त जास्त खोल. आजार बरा होतो, ते पट्टे जात नाहीत. पंचविशीतली मुलं ते पट्टे दाखवून “डॉक्टर, हे जाईल ना?” विचारतात, तेव्हा नाही म्हणताना मला दर वेळी जड जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही स्टिरॉइडची मलमं अनुसूची ‘एच’ मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी ती काउंटरवरून मिळतात, हे तुम्ही स्वतःच अनुभवलंय.

उपचार धीराचा आहे. कातडीचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. माझ्या टेबलावर पाच-दहा मिनिटांत ही तपासणी होते. निदान पक्कं झालं की मी बहुधा इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि सोबत साधं, स्टिरॉइड नसलेलं मलम देतो. सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. गोळ्या डॉक्टरने बघूनच घ्यायच्या, कारण हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील तर हे औषध धोक्याचं ठरतं. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. इथेच लोक चुकतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की घर आवरणं, माटोळी, पाहुणे यांत गोळ्या राहून जातात आणि ऑक्टोबरात सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांची सुट्टी संपून ते पुन्हा जहाजावर चढणार असतील तर पूर्ण कोर्सची औषधं सोबत न्यावीत.

आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. ऊन नसेल तर सुकल्यावर उलटे करून शिवणीवरून आणि इलॅस्टिकवरून कडक इस्त्री फिरवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. मुलीचाही.

आता तुमचं. घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं, वास फारसा नाही, खाज भयंकर, लघवी करताना बाहेरच्या कातडीला झोंबतं, असं असेल तर कँडिडा नावाची यीस्ट. ती निरोगी बाईच्या आतड्यात आणि योनीतही थोडी असतेच. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो, लग्न न झालेल्या मुलींनासुद्धा. योनीत चांगल्या जिवाणूंची वस्ती असते, ते आम्ल तयार करतात आणि यीस्टला मर्यादेत ठेवतात. घसा दुखतोय म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं की ती वस्ती मरते आणि यीस्ट वाढते. गरोदरपण, वाढलेली साखर, स्टिरॉइडच्या गोळ्या, यांनीही तेच होतं. तुम्ही गेल्या महिन्यात कुठल्या गोळ्या घेतल्या का, ते आठवून ठेवा.

संबंधांनंतर हा त्रास सुरू होऊ शकतो. तरी आम्ही याला गुप्तरोगांत धरत नाही आणि नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधही देत नाही. उपाय सोपा असतो: फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी. गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल तर तोंडाने घ्यायची गोळी घेऊ नका, आत ठेवायचीच वापरा, सात दिवस. या आत ठेवायच्या गोळ्यांनी आणि क्रीमने कंडोम कमकुवत होतो, तेवढे दिवस त्याच्यावर विसंबू नका. आणि कृपा करून आतून साबणाने, अँटिसेप्टिकने किंवा लिंबाच्या पाण्याने धुऊ नका. खाज सुटली की बायका आधी हेच करतात. जे चांगले जिवाणू तग धरून असतात तेही त्याने वाहून जातात.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर मात्र साखर तपासलीच पाहिजे. गोव्यात हे मी मुद्दाम सांगतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. पुरुषांत हीच यीस्ट शिस्नाच्या टोकाला लाली आणते, वरच्या कातडीला उभ्या बारीक चिरा पाडते. पन्नाशीतले एक गृहस्थ अशा चिरा घेऊन आले होते. आपल्याला गुप्तरोग झालाय अशी त्यांची खात्री होती. तीन महिने ते बायकोला काही न सांगता बाहेरच्या खोलीत झोपत होते, आणि ती बिचारी आपलं काय चुकलं याचा विचार करत होती. मी बोटाला सुई टोचून साखर बघितली: ३१०. मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. साखर आटोक्यात आल्यावर महिन्याभरात चिरा भरल्या. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळेही ही यीस्ट वाढते. गोळ्या चांगल्या आहेत, स्वतःहून बंद करू नका. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करण्याची सवय ठेवा आणि त्रास झाला तर डॉक्टरला सांगा.

इथपर्यंत शंकेला जागा नव्हती. पण तुमचं पांढरं जाणं यीस्टचंच आहे हे बघितल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि दुसरी जी शक्यता मी तपासणार ती खरोखर संबंधांतूनच पसरते. ट्रायकोमोनास. हा बुरशी नाही, एकपेशीय परजीवी आहे. १८३६ मध्ये आल्फ्रेड डोने या फ्रेंच डॉक्टरने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याचा स्राव पिवळट-हिरवट, पातळ, कधी फेसाळ, आणि त्याला वास येतो. पण पुस्तकातल्यासारखा स्राव सगळ्यांना नसतो. कित्येक बायकांना काहीच जाणवत नाही, पुरुषांना तर बहुतेकदा नाहीच.

बघायची पद्धत अजूनही तीच जुनी: स्रावाचा थेंब मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळायचा आणि लगेच बघायचा. पेशींच्या गर्दीत एखादा नासपतीच्या आकाराचा ठिपका दिसतो, आणि तो हलतो. पोहत नाही, झटके देतो, जागच्या जागी थरथरून अचानक पुढे सरकतो, शेपटीसारखे केस फडफडतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकताना आम्हाला हे बघायला धावावं लागायचं, कारण स्लाइड गार पडली की तो निपचित होतो आणि मग पांढऱ्या पेशींतून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून नमुना दूरच्या लॅबला पाठवून ‘काही नाही’ असा रिपोर्ट आला तर मी त्यावर विसंबत नाही. ताज्या स्लाइडवरही निम्म्याच्या आसपास रुग्ण निसटतात. शंका राहिली तर पीसीआरसारखी तपासणी करून घेतो. सरकारी दवाखान्यात पांढऱ्या जाण्यासाठी हिरव्या रंगाचं औषधाचं किट देतात, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल दोन्ही असतात, ते याचसाठी. सूक्ष्मदर्शक हाताशी नसेल तरी परजीवी आणि यीस्ट दोघांवर औषध पडावं.

समजा, तुमच्या स्लाइडवर ट्रायकोमोनास दिसला. तर? तो संबंधांतून आलाय हे मी तुम्हाला स्पष्ट सांगेन, लपवणार नाही. पण कधी आला ते मी सांगू शकत नाही, आणि दुसरा कुणी डॉक्टर सांगत असेल तर तो अंदाज करतोय. लक्षणं पाच दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही दिसतात, आणि कित्येकदा दिसतच नाहीत. हा परजीवी बाईच्या शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. जूनमध्ये नवरा आला आणि जुलैमध्ये आजार दिसला, म्हणून त्याने यंदाच्या फेरीत आणला असा हिशोब जमत नाही. तो लग्नाआधीपासून दोघांपैकी कुणाच्याही अंगात असू शकतो. माझ्या खोलीत या एका स्लाइडवरून संसार मोडायला निघालेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना मी एकच गोष्ट करायला सांगतो: आधी दोघांनी एकाच दिवशी औषध घ्या. बोलायचं ते नंतर बोला, पण स्लाइडला साक्षीदार करू नका, तिला तारीख माहीत नाही.

औषध मेट्रोनिडाझोल. बाईला ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, पुरुषाला दोन ग्रॅम एकदाच, लक्षणं असोत वा नसोत. सात दिवस संबंध नकोत. पाकिटावर गोळ्यांसोबत दारू नको असं छापलेलं असतं, आणि मीही तेच सांगतो: त्या दिवसांत फेणी नाही, बिअर नाही. तीन महिन्यांनी बाईची पुन्हा तपासणी, कारण उलटून होण्याचं प्रमाण बरंच आहे. ट्रायकोमोनासमुळे एचआयव्हीची लागण सहज होते आणि गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून तो सापडला तर दोघांची एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, यांची तपासणीही मी करून घेतो. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत आणि गोमेकॉत ती मोफत होते, माहिती गुप्त राहते. फोनवर आधी विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

मुलीचं विचारलंत, म्हणून खरूज. गजकर्ण समजून आलेल्यांत मला कितीदा तरी खरूज सापडते, आणि जहाजावर चौघे एका केबिनमध्ये राहणाऱ्यांत, होस्टेलच्या मुलांत ती सहज फिरते. रात्री खाज वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत का? पुरुषाच्या अंडकोषावर किंवा शिस्नावर खाजणाऱ्या गाठी आहेत का? असतील तर तिकडेच बघायचं. खरजेची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. कातडीत बोगदा खणत जाते, रोज दोन-तीन अंडी घालते. डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, बघितलं तर पांढरट रेघेच्या टोकाला एक काळसर त्रिकोण दिसतो, तोच तिचा पुढचा भाग. मी रुग्णालाही बघायला देतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की माणूस मलम नीट लावतो.

खरूज संबंधांतून पसरते, पण तिला संबंधच हवेत असं नाही. एका अंथरुणात झोपणं पुरे. पहिल्यांदा होते तेव्हा खाज चार ते सहा आठवड्यांनी सुरू होते, तोवर माणूस न कळत वाटत राहतो. म्हणून उपचार फक्त खाजणाऱ्यांचा केला की वाया जातो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिन पाच टक्क्यांचं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं, नखांखाली, बेंबीत, ढुंगणाच्या फटीतही, सकाळी आंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा तेच. हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. अंथरूण-कपडे गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचं. गरोदर बाईला परमेथ्रिन चालतं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या गरोदरपणात आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाही. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. किडे मेलेले असतात, कातडी अजून चिडलेली असते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम थापणारे कातडी जाळून घेतात.

खालच्या केसांतल्या उवा आता कमी दिसतात. त्या खेकड्यासारख्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, केसाच्या बुडाशी चिकटलेल्या. मोठ्यांत त्या जवळजवळ नेहमी संबंधांतूनच येतात. परमेथ्रिन एक टक्क्याचं लोशन दहा मिनिटं, नऊ-दहा दिवसांनी पुन्हा, जोडीदारालाही. पण लहान मुलाच्या पापण्यांत अशा उवा दिसल्या तर ती बाब घरातल्या घरात ठेवू नका. त्या अंथरुणातूनही येऊ शकतात, पण मुलाशी कुणी गैर वागलं का हे डॉक्टरने तपासलंच पाहिजे. जिआर्डिया आणि आमांशाचे परजीवी विष्ठेतून तोंडात जातात, त्यामुळे गुदद्वाराशी तोंडाचा संपर्क आला तर तेही संबंधांतून पसरतात. जुलाब बरे होत नसतील तर हे डॉक्टरला सांगायला संकोच नको. कंडोम ट्रायकोमोनासला बऱ्याच अंशी रोखतो, गजकर्ण, खरूज आणि उवा यांना नाही, कारण त्या झाकलेल्या भागाच्या बाहेरच्या कातडीवरून जातात.

तर तुम्ही दोघं एकत्र या. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर अर्धी गोष्ट एकाला आणि अर्धी दुसऱ्याला कळते. मुलीच्या बोटांच्या बेचक्या आणि मनगटं बघून या, पुळ्या असतील तर तिलाही आणा. त्या दिवशी सकाळी आतून धुऊ नका, आदल्या रात्री आत काही ठेवू नका, आणि त्यांनी आजपासून ते मलम बंद करावं. पहिले चार-पाच दिवस लाली आणि खाज वाढेल, घाबरू नका, त्याने कोंडा तपासायला सोपा जातो. पण येताना ती ट्यूब मात्र घेऊन या, रिकामी असली तरी.